बुज्जीचा सुळा

माणसाचे दात मी तोंडात कमी आणि हातात जास्त पाहिले आहेत. जन्मभर कवळ्या केल्या. ह्या अंकाच्या संपादकबाईंनी कामाविषयी लिहायला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, माझं शिक्षण चौथी, मी काय लिहिणार. त्या म्हणाल्या, बोलता तसं लिहा, शुद्धलेखन आम्ही बघू. मग बघा म्हटलं.

हैदराबादेत बेगम बाजाराच्या मागच्या गल्लीत आमची खोली. माझे सासरे निजामाच्या काळात नांदेडकडून इकडे आले आणि एका दातांच्या डॉक्टरकडे झाडायला लागले. आमच्या लोकांना तेव्हा झाडायलाच ठेवत. झाडता झाडता ते प्लास्टर कालवायला शिकले, मग मेणकाम, मग दात लावणं. त्यांच्याकडून माझा नवरा शिकला, नवऱ्याकडून मी. नवरा गेला तेव्हा शेजारच्यांना वाटलं, आता खोली रिकामी होईल. दोघांनी भाडं किती म्हणून विचारूनही ठेवलं होतं. झाली नाही रिकामी.

काम असं असतं. डॉक्टर रोग्याच्या तोंडाचं माप घेतो आणि ते आमच्याकडे पाठवतो. मापात प्लास्टर ओतलं की त्या माणसाचा जबडा आमच्या टेबलावर तयार. त्यावर मेणाच्या हिरड्या करायच्या आणि मेणात दात लावायचे. डॉक्टरने तोंडात बसवून बघितलं आणि ठीक म्हटलं, की ते सगळं पितळी डबीत प्लास्टरमध्ये पुरायचं. उकळत्या पाण्याने मेण काढून टाकायचं, मेणाच्या जागी गुलाबी मसाला दाबून भरायचा, पुन्हा उकळायचं. मग घासायचं. दिवस घासण्यातच जातो. सासऱ्यांचा एक नियम होता, माणसाच्या तोंडात आपण हात घालायचा नाही. तोंड डॉक्टरचं, टेबल आपलं. तो नियम मी कधी मोडला नाही.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. मलकपेठेचे एक म्हातारे होते, त्यांनी एकाच मापाच्या दोन कवळ्या करून घेतल्या. एक हरवली तर असावी म्हणून असेल, असं मला वाटलं. तसं नव्हतं. एक ते घरी पाण्याच्या वाटीत ठेवून जात. सुनेने वाटीत कवळी बघितली की तिला वाटे, सासरे दातांशिवाय लांब कुठे जाणार, असतील इथेच कोपऱ्यावर. आणि सासरे दुसरी कवळी घालून रेसकोर्सवर. हे मला सुनेनेच सांगितलं, ती भांडायला आली होती तेव्हा. मी म्हटलं, मी दात करते बाई, सासरे नाही.

अंबरपेठेच्या एका बाईने सुंदर झालेली कवळी परत आणली. समोरच्या दोन दातांत तिला पहिल्यापासून फट होती, ती मी बुजवली होती. म्हणाली, "ह्या तोंडानं मी आमच्या ह्यांच्या फोटोसमोर दिवा लावू? ते म्हणतील, ही कोण आली." फट पुन्हा करून दिली. तेव्हापासून मी डॉक्टरांना विचारते, आधीचं तोंड कसं होतं.

आता बुज्जीचं लिहिते. खरं तर तेवढ्यासाठीच लिहायला घेतलं.

ती राज्याची दोन राज्यं होण्याची वर्षं होती. वेगळं व्हायचं म्हणून इकडे बंद, वेगळं होऊ नये म्हणून समुद्राकडच्या बाजूला बंद. तिकडच्या बसगाड्या तर आठवडेच्या आठवडे उभ्या. मला वाटण्या नवीन नव्हत्या. मी दहा वर्षांची असताना निजामाच्या राज्याचे तीन तुकडे झालेले बघितले. मराठी मास्तर, कारकून आपली बायकामुलं घेऊन मराठवाड्यात बदलून गेले. आमच्या मराठी शाळेतली पोरं रोज कमी होत गेली. शेवटी माझ्या बाकावर मी आणि एक तेल्याची मुलगी, मग तीही गेली. पाचवीचा वर्ग उघडलाच नाही. माझे वडील बाजारात हमाल होते, त्यांची बदली कोण करणार. माझं शिक्षण चौथी आहे ते असं. डोकं नव्हतं म्हणून नाही.

त्या बंदच्या दिवसांत मलकपेठेच्या एका बंद पडलेल्या शाळेत तेलुगू सिनेमाचं शूटिंग चालू होतं. परदेशात चाललेला कुठला तरी भुताचा सिनेमा इकडे नव्याने करत होते, त्याला ते रीमेक म्हणत. गोष्ट अशी. वसतिगृहातली सगळी पोरं सुट्टीत घरी जातात, एक मुलगा राहतो, त्याला न्यायला कोणी येत नाही. वरच्या माळ्यावर एक मुलगी असते. तीही एकटी. तिच्याशी त्याची दोस्ती होते. ती कित्येक वर्षं तेवढीच आहे, तिचं वय वाढत नाही, आणि ती माणसाचं रक्त पिते. मी विचारलं, मग त्या मुलाला का पीत नाही. कोणी नीट उत्तर दिलं नाही.

रक्त पिणारी ती मुलगी म्हणजे बुज्जी. वय दहा. खरं नाव वेगळं होतं, पण सगळे बुज्जीच म्हणत. तिला आणलं तिच्या मामाने, सत्तिबाबूने. तो त्या सिनेमाचा मॅनेजर होता, राजमंड्रीचा. बाहेरून मागवलेले सुळे तिच्या तोंडात मावत नव्हते, बोलताना थुंकी उडे. मलकपेठेच्या डॉक्टरने माप घेऊन माझ्याकडे धाडलं होतं.

सत्तिबाबू म्हणाला, "बाईअम्मा, बच्ची बात भी करना, लोगां डरना भी. ऐसे दाँत होना."

सोबत डायरेक्टर होता, तरुण पोरगा. त्याने मोबाइलमध्ये मूळ सिनेमातल्या मुलीचा फोटो दाखवला. "अगदी असेच पाहिजेत."

"मग त्या पोरीचं तोंड आणा," मी म्हटलं. "ह्या पोरीचं आणलंय तर हिचे होतील."

बुज्जी हसली. तेव्हा मी तिला पहिल्यांदा नीट बघितलं. वरचे दोन्ही सुळे अजून दुधाचे होते.

मी पातळ टोपण केलं, समोरच्या सहा दातांवर बसणारं, सुळ्यांच्या जागी लांब टोकं. टोपणाची सगळी पकड त्या दोन दुधाच्या सुळ्यांवर. ती स्वतःच घाली, स्वतःच काढी. एकदोनदा घासून बरोबर करायला मी सेटवर गेले. लहान पोर म्हणून शूटिंग दिवसाच करत आणि खिडक्यांना काळी कापडं लावून रात्र करत. आत काळोख, बाहेर ऊन. पाळीपाळीने सगळे बाहेर येऊन डोळे चोळत. तो मुलगा सुटला की त्याची आई डबा घेऊन उभी असे. बुज्जी पायरीवर बसे, मामा फोनवर.

निम्मं शूटिंग झालं आणि तिचा डावा सुळा हलायला लागला. डायरेक्टरचा चेहरा उतरला. जिचं वय वाढत नाही तिचा दुधाचा दात कसा पडेल? आधीच्या निम्म्या सिनेमात दात आहे, पुढच्या निम्म्यात खिंडार, असं कसं चालेल? सगळ्यांनी बुज्जीला बजावलं, हात लावायचा नाही, चिक्की खायची नाही. पोरगी इतकी नीट वागली की लोक तिचं कौतुक करायला लागले. एका बाजूने खाई. दातावर जीभसुद्धा नेत नसे. म्हणायचे, कामाची किती जाण आहे.

बंद असला की शूटिंगही बंद. सत्तिबाबू मग तिला माझ्या खोलीवर सोडून जाई, लॉजवर एकटी कशी ठेवू म्हणून. शटर अर्धं खाली ओढून आम्ही बसायचो. मी तिला मेण खरवडायला देई. तिला थोडं हिंदी येई, मला थोडं तेलुगू. त्यात भागत असे.

तेव्हा तिने सांगितलं. तिची आई मस्कतला लोकांच्या घरी कामाला. बापाचं नाव कोणी काढत नसे. तिला वाढवलं अम्मम्माने, म्हणजे आईच्या आईने. त्यांचं घर कौलारू. दात पडला की अम्मम्मा तो कौलांवर फेकायची, आणि तेव्हा बुज्जीने घराकडे पाठ करून उभं राहायचं. आतापर्यंतचे सगळे दात तिनेच फेकले होते. दुसऱ्या कोणी फेकला तर नवा दात वाकडा येतो, असं अम्मम्मा म्हणायची.

"हा पण तिच्याकडे न्यायचा आहे," बुज्जी म्हणाली. "पिक्चर संपल्यावर मामा घरी नेणार आहे. तोपर्यंत राहील ना?"

सेटवरच्यांना दात सिनेमासाठी हवा होता आणि तिला घरासाठी. तिचं कारण त्यांना माहीत नव्हतं, पण काम एकच चाललं होतं. टोपणाची कड मी थोडी वर नेली, हलणाऱ्या दाताला आधार मिळावा म्हणून. "राहील," म्हटलं. दाताचं मला कळतं.

मध्ये काही दिवस सत्तिबाबू दिसला नाही. बुज्जी सेटवरच्या एका मेकअपवाल्या बाईकडे राहिली. तो परत आला तेव्हा डोक्याचा गोटा केलेला. तिकडचे लोक दोनच कारणांनी गोटा करतात, तिरुपतीचा नवस किंवा आईबाप गेले तर. बुज्जीला त्याने सांगितलं, पिक्चरसाठी नवस होता, तिरुपतीला जाऊन आलो.

मला खरं सांगितलं. माझ्या टेबलाशी उभा राहिला आणि प्लास्टरच्या जबड्यांकडे बघत म्हणाला, "अम्मा गयी."

"पोरीला?"

"नहीं बोला. थोडा काम बाकी है. अब बोला तो वो खड़ी नहीं रह सकती कॅमेरे के सामने. और पिक्चर रुकी तो फिर होती नहीं, पैसा लगाने वाला तिकडचा आहे, रोज पळायला बघतो." तो माझ्याशी बोलताना तीन भाषा मिसळायचा. "गाड़ी में बोलूँगा. गोदावरी का पुल आया कि बोलूँगा. घर बिल्कुल सामने रहता ना."

"तुमची आई, तुमची भाची. मला कशाला सांगता?"

"किसी को तो बोलना था, बाईअम्मा."

त्याला मी चहा मागवला. वाईट माणूस नव्हता तो.

पुढच्या बंदला बुज्जी माझ्याकडे आली. मेण खरवडत बसली. मी एक कवळी घासत होते. हात न थांबवता ती म्हणाली, "बाईअम्मा, तिरुपतीला गेलेला माणूस लाडू आणतो ना?"

आम्ही बुद्धाचे, आमच्या घरातून तिरुपतीला कोणी जात नाही. पण ह्या गावात राहून लाडू चुकत नाही. शेजारी कोणीही जाऊन आलं की तुकडा येतोच. लाडवाशिवाय परत आलेला माणूस मी बघितलेला नाही.

"आणतो," मी म्हटलं.

"मामाने नाही आणला."

विसरला असेल, असं मला म्हणता आलं असतं. मी घासत राहिले.

"आमच्या गल्लीतल्या कापडवाल्याने पण गोटा केला होता," ती म्हणाली. "त्याची आई मेली तेव्हा. त्यानेही लाडू आणला नाही." मग म्हणाली, "अम्मम्मा फोनवर येत नाही. मामा म्हणतो, घसा बसलाय."

मी कवळी खाली ठेवली.

"अम्मम्मा मेली का?"

"हो," मी म्हटलं.

ती रडली नाही. खरवडणं थांबवलं नाही. विचारलं, "कोंबड्या कोणाकडे आहेत?"

"मला माहीत नाही."

"दोघी अंड्यांवर बसलेल्या होत्या."

मग तिने तोंडात दोन बोटं घातली, सुळा धरला, पिळला आणि काढला. बारीक रक्त आलं. दात माझ्या टेबलावर प्लास्टरच्या भुकटीत ठेवला. मी कापूस दिला, चावून धर म्हटलं. तिने धरला.

"दात ने," मी म्हटलं.

तिने मान हलवली. "कोण फेकणार?"

माझी सून अजून म्हणते, तुम्ही सांगायला नको होतं, तो मामाचा हक्क होता. असेल. पोरीने विचारलं, मी सांगितलं. तेव्हा तिच्यासमोर मीच होते.

थोड्या वेळाने तिने कापूस काढून बघितला, पुन्हा दाबला आणि म्हणाली, "आता पिक्चर थांबेल?"

"दात नाही म्हटल्यावर थांबेल."

"मग घरी कधी सोडतील?"

ह्याचंही मी खरं सांगितलं. काम झाल्याशिवाय सोडणार नाहीत. सगळेच अडकून बसतील, तू पण.

तिने विचार केला. मोठी माणसं हिशेब करताना बघतात तसं छताकडे बघितलं. मग दात उचलून माझ्या हातावर ठेवला. "हा परत लावा."

तोंडात मी काही लावत नाही. पण डॉक्टरने घेतलेलं तिचं माप माझ्याकडे होतं, त्याचा जबडा फळीवर होता. टाळूला चिकटून बसेल अशी पातळ तबकडी केली आणि तिच्यावर तिचाच सुळा बसवला. दुधाचा दात पडतो तेव्हा मुळाकडून पोकळ झालेला असतो, त्यात मसाला भरला. दुसरा दात लावला असता तर रंग वेगळा दिसला असता. तिचा तिलाच कसा दिसेल वेगळा? संध्याकाळच्या आत घासून दिला. तिने आपल्या हाताने बसवला आणि माझ्या छोट्या आरशात बघून हसली. मग हसणं बंद केलं, पुन्हा हसली. बसलं की नाही ते बघत होती.

"मामाला सांगू नका," ती म्हणाली.

"दाताचं?"

"मला माहीत आहे ते. तो लॉजवर नळ सोडून रडतो. त्याला वाटतं, मला ऐकू येत नाही. मला कळलंय म्हटल्यावर तो पुन्हा रडेल. मग शूटिंगला कोण येईल?"

मी कबूल केलं.

दोनच दिवसांनी मला सेटवर बोलावलं, टोपणाची कड ओठाला लागत होती म्हणून. काळ्या कापडांच्या त्या खोलीत मी घासत उभी होते, तेवढ्यात सत्तिबाबू आला. त्याला कोणी तरी आठवण दिली असावी. हातात कागदात गुंडाळलेला लाडू. "तिरुपतीचा गं, बॅगेतच राहिला होता," म्हणाला.

लाडू आमच्या बेगम बाजाराकडचा होता. तिरुपतीच्या लाडवाला कापराचा वास असतो, तो हातभर अंतरावरून येतो. ह्याला नुसत्या वेलदोड्याचा होता. बुज्जीने तो दोन्ही हातांत घेतला, डोळ्यांना लावला, प्रसाद लावतात तसा, आणि उजव्या बाजूने खाल्ला. सत्तिबाबू समोर उभा.

"बागुंदा?" त्याने विचारलं. चांगला आहे का.

"बागुंदी," ती म्हणाली. थोडा मोडून त्याच्या हातावर ठेवला. "तू पण खा, मामा."

त्याला तो खावा लागला. मी टोपण तिच्या हातात दिलं आणि कड बघायला सांगितलं.

शेवटचा शॉट मी बघितला, कारण काम संपेपर्यंत टोपणासाठी मला सेटवर थांबवून घेतलं होतं. मुलाला न्यायला अखेर कोणी तरी येतं, तो बॅग घेऊन खाली जातो, आणि माळ्याच्या खिडकीतून ती मुलगी त्याच्याकडे बघून हसते. सुळे नाहीत, साधं हसू. तिला वर ठेवून सगळे खाली. डायरेक्टरने तिला समजावलं की तुझं एकच माणूस होतं, ते आता गेलं, ते परत येणार नाही, पण तुला रडायचं नाही, तू हस. बुज्जीने मान हलवली. म्हणाली, समजलं.

ती हसली. एकदाच घेतलं, दुसऱ्यांदा घ्यावं लागलं नाही. मेकअपवाली बाई डोळे पुसायला लागली. डायरेक्टर सगळ्यांना सांगत सुटला की मूळ सिनेमातली मुलगी अशी हसली नव्हती, हे त्याला आधीच सुचलं होतं. सत्तिबाबू भिंतीकडे तोंड करून उभा होता. बुज्जी खाली आली, पाणी प्यायली आणि गाडी किती वाजता आहे म्हणून विचारलं.

जाताना ते माझ्या खोलीवरून गेले. तिने तबकडी परत दिली नाही, मी मागितली नाही. पाया पडायला वाकली, मी पडू दिलं नाही, ते मी कोणालाच करू देत नाही. "नवा दात यायला वेळ लागेल," मी म्हटलं, "तोवर तबकडी रात्री काढून ठेव." तिने हो म्हटलं.

सिनेमा लागलाच नाही. राज्याची दोन राज्यं झाली आणि पैसे लावणारा आपल्या राज्यात निघून गेला. डबे कुठल्या तरी लॅबमध्ये अडकले म्हणत. डायरेक्टर पुढे जाहिराती करायला लागला असं ऐकलं.

सत्तिबाबू एकदा आला, पुष्कळ महिन्यांनी. हैदराबादचं सामान आवरायला आला होता, ह्यापुढे तो तिकडेच राहणार होता. बुज्जीला तिकडच्या शाळेत घातलं होतं. तिची आई काही आली नव्हती. चहा घेता घेता तो म्हणाला, "पुल पे बोला, बाईअम्मा. जैसा बोला था वैसा. इतना रोई बच्ची, डिब्बे के लोगां उठ के आ गए. मेरे को पकड़ के रोई. उसको कुछ भी मालूम नहीं था."

मी हातातली कवळी फळीवर ठेवली.

"मेरे को बहुत दिन बुरा लगा," तो म्हणाला. "बच्ची को फँसाया बोल के. लेकिन सोचता हूँ, अच्छाच किया. उतने दिन तो वो खुश थी ना?"

तो माझ्या तोंडाकडे बघत होता. खोटं बोलायची मला सवय नाही, आणि त्या पोरीला मी शब्द दिला होता.

"हौ," मी म्हटलं. "बच्ची को क्या मालूम."

त्याने कप खाली ठेवला. मग उठला, हात जोडले आणि शटरखालून वाकून बाहेर गेला.